वायोमिंग-नेवाडाच्या उघड्या मुलुखातील रेल्वे छायाचित्रे : जागा कशी ओळखावी?

सूचीकार :

नमस्कार. अमेरिकेच्या पश्चिम भागातील रेल्वेच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या एका खासगी संग्रहाची सूची करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. बहुतेक निगेटिव्हच्या पाकिटांवर गाव, तारीख, इंजिनाचा क्रमांक असे काही ना काही लिहिलेले आहे. ज्या पाकिटांवर ‘यू. पी. (म्हणजे युनियन पॅसिफिक रेल्वे), वायोमिंग’ किंवा नुसते ‘नेवाडा’ एवढीच पेन्सिलची खूण आहे, त्यांनी मात्र मला अडवून धरले आहे. स्थानकातले छायाचित्र असते तर पाटी, फलाट, इमारत यांवरून काही सुगावा लागला असता. इथे रूळ, तारांचे खांब, खुरटी झुडपे आणि क्षितिज याखेरीज नजरेत भरेल असे काही नाही.

दोन छायाचित्रांविषयी विशेष विचारायचे आहे. पहिल्यात दुहेरी मार्गावरून युनियन पॅसिफिकचे ‘बिग बॉय’ हे वाफेचे अजस्र इंजीन लांबलचक मालगाडी ओढत डावीकडून उजवीकडे चालले आहे आणि त्याचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो. मागे सपाट माळ, त्यावर हिम अडवण्यासाठी उभारलेले फळ्यांचे कुंपण आणि क्षितिजावर एकटाच उभा असलेला रुंद बैठकीचा डोंगर आहे. इंजिनाच्या थोडे पुढे एक सिग्नल असून त्याच्या खांबावर चार अंकी पट्टी आहे. पहिला अंक ६ आहे, उरलेले तीन उन्हाच्या चमकेत गेले आहेत. त्याच पाकिटात लगोलग घेतलेली दुसरी निगेटिव्ह आहे. तीत कॅमेरा डावीकडे वळवलेला असल्याने गाडीच्या शेवटच्या वाघिणी आणि त्यामागे बर्फाच्या तुरळक पट्ट्या असलेली लांब डोंगररांग दिसते.

दुसरे छायाचित्र नेवाडातले आहे. त्यात वेस्टर्न पॅसिफिकची डिझेल इंजिने, एकच रूळमार्ग आणि हात खाली तिरका झुकलेला एक सिमाफोर (खांबावर हलता हात असलेला जुना सिग्नल) दिसतो. वेस्टर्न पॅसिफिकच्या मार्गाचे नकाशे मी बारकाईने पाहिले, पण मागच्या टेकड्यांचा मेळ कुठेच बसला नाही. सुरुवात कुठून करावी, कोणत्या खुणेला किती वजन द्यावे आणि सूचीत ‘ठिकाण’ या रकान्यात काय लिहिणे प्रामाणिक ठरेल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मैलखांब :

आपण आधी डोंगराकडे पाहिलेत, म्हणून छायाचित्र रिकामे वाटते आहे. मोकळ्या मुलुखात आधी रेल्वे कंपनीने स्वतः पेरलेल्या वस्तू वाचाव्यात आणि त्यांनी पट्टा आखून दिला की मगच निसर्गाकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास वायोमिंगमधला प्रत्येक डोंगर ओळखीचा वाटू लागतो.

बिग बॉयमुळे आपले अर्धे काम झालेले आहे. ४-८-८-४ चाकरचनेची ही इंजिने १९४१ ते १९४४ या काळात एकूण २५ बांधली गेली आणि १९५९ मध्ये त्यांची नियमित मालवाहतूक संपली. त्यांचा वावर मुख्यतः युटामधील ऑग्डेन ते वायोमिंगमधील शायेन या पट्ट्यात होता. त्यामुळे काळाच्या दोन्ही कडा आणि मार्गाची दोन्ही टोके एका क्रमांकावरून हाती येतात.

त्यानंतर सिग्नलची पट्टी. बहुतेक अमेरिकी कंपन्यांमध्ये अशा सिग्नलचा क्रमांक हा मैलाचा आकडा आणि त्याचा दशांश मिळून होतो. म्हणजे ६१५ व्या मैलापुढे दोन दशांशावर असलेल्या सिग्नलवर ६१५२ असे लिहिलेले असते, आणि शेवटचा अंक सम की विषम यावरून तो सिग्नल कोणत्या दिशेच्या गाड्यांसाठी आहे ते सहसा कळते. युनियन पॅसिफिकच्या या मुख्य मार्गावर मैल पूर्वेकडून, ओमाहाच्या बाजूने मोजले जातात. शायेन सुमारे ५१० व्या, लॅरमी ५६६ व्या आणि रॉलिन्स ६८३ व्या मैलाच्या आसपास आहे. आपल्या पट्टीवरचा पहिला अंक खरोखरच ६ असेल, तर जागा लॅरमीच्या बरीच पश्चिमेला आणि जास्तीत जास्त रॉलिन्सच्या थोडी पलीकडे असणार. बिग बॉय दिसला की ‘शेर्मन हिल’ असे लिहून मोकळे होण्याची अनेकांना खोड आहे, पण शेर्मनचा चढ शायेन आणि लॅरमी यांच्या दरम्यान, म्हणजे पाचशेच्या मैलांत येतो. तेव्हा तो नि:शंकपणे वगळावा.

पट्टीचा भाग आणखी मोठ्या रिझोल्यूशनवर पुन्हा स्कॅन करून घ्यावा आणि प्रिंटऐवजी मूळ निगेटिव्हवरूनच करावा. प्रिंटमध्ये पांढरी पडलेली जागा निगेटिव्हमध्ये दाट असते, पण कोरी असतेच असे नाही. योग्य प्रकाश दिल्यास आकड्यांच्या कडा पुष्कळदा उमटतात.

इतर वस्तूंपैकी तारांच्या खांबांवरील आडव्या पट्ट्या मोजून ठेवाव्यात. एखाद्या फाट्यानंतर त्यांची संख्या बदलते, त्यामुळे त्याच पट्ट्यातील ठिकाण माहीत असलेल्या दुसऱ्या छायाचित्राशी तुलना करता येते. कुंपणाचे खांबही दुर्लक्षू नयेत. वायोमिंगमध्ये त्यांचा फारसा उपयोग होणार नाही, पण आपल्या संग्रहात कॅन्ससची छायाचित्रे असतील आणि त्यांत लाकडाऐवजी चुनखडीचे दगडी खांब दिसले, तर झाडेच नसल्यामुळे दगडाचे खांब उभारणाऱ्या उत्तर-मध्य कॅन्ससमधल्या काही मोजक्या काउंटींपुरताच शोध उरतो. खडीच्या रंगावर मात्र विसंबू नये. शेर्मन भागातली गुलाबी ग्रॅनाइटची खडी युनियन पॅसिफिकने शेकडो मैल दूर नेऊन पसरलेली आहे. ती खाणीचा पत्ता सांगते, छायाचित्राचा नाही.

समोच्चरेषा :

मैलखांब यांनी आखलेला पट्टा मान्य करून पुढे जातो. लॅरमी ते रॉलिन्स या भागात क्षितिजावर एकटा उभा असलेला रुंद डोंगर म्हटला की पहिले नाव एल्क माउंटनचे येते. त्याची उंची ११,१५६ फूट, म्हणजे सुमारे ३,४०० मीटर आहे आणि भोवतालचा माळ साधारण दोन हजार मीटरवर असल्यामुळे तो दुरूनही उठून दिसतो. पण तो दिसला एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण रूळमार्ग त्याला उत्तरेकडून मोठा वळसा घालतो आणि डोंगर कित्येक मैल प्रवाशाच्या सोबत राहतो. उपयोगी पडतो तो दिशेतला बदल. नकाशावर मोजल्यास (अंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने) या मार्गावरच्या रॉक रिव्हर गावाहून हा डोंगर पश्चिम-नैऋत्येला, सुमारे २५५ अंशांवर येतो. मेडिसिन बोहून तो नैऋत्येला, सुमारे २२२ अंशांवर. हॅनाहून जवळपास दक्षिणेला. आणि वॉलकॉटला पोहोचेपर्यंत तो आग्नेयेकडे गेलेला असतो.

आपली दुसरी निगेटिव्ह इथे पहिलीपेक्षा मोलाची आहे. एल्क माउंटनच्या डावीकडे दिसणारी लांब रांग स्नोई रेंज असावी, आणि तिचे सर्वोच्च टोक म्हणजे १२,०१३ फुटांचे मेडिसिन बो पीक. या दोन शिखरांमधला कोन रॉक रिव्हरजवळ सुमारे ४० अंश, मेडिसिन बो गावाजवळ सुमारे ३३ अंश आणि हॅनाजवळ जेमतेम १५ अंशांच्या आसपास भरतो. दोन्ही छायाचित्रे एकाच जागेवरून घेतलेली असतील आणि त्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या येत असतील, तर ती जोडून हा कोन मोजता येईल. त्यासाठी भिंगाची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) आणि निगेटिव्हची रुंदी एवढे पुरे आहे. जवळची आणि दूरची वस्तू एका रेषेत आली की ती रेषा नकाशावर ओढावी, अशा दोन-तीन रेषा जिथे छेदतात तिथे छायाचित्रकार उभा होता, हे साधे तत्त्व आहे. १९७७ ते १९७९ या काळात ‘रीफोटोग्राफिक सर्व्हे प्रोजेक्ट’च्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षण-छायाचित्रांच्या मूळ जागा शोधल्या, त्याही मुख्यतः अशाच लंबनाच्या, म्हणजे जागा बदलली की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या मांडणीत पडणाऱ्या फरकाच्या आधारे.

गूगल अर्थमध्ये जमिनीलगतचे दृश्य लावून क्षितिजरेषा पडताळता येते, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. उंचीची अतिशयोक्ती दाखवणारी सेटिंग १ वर असल्याची खात्री करावी, नाहीतर सगळेच डोंगर आहेत त्यापेक्षा उभट दिसतात. आणि जवळचा चार-पाच मीटर उंचीचा भराव किंवा खोदाई त्या प्रारूपात पुसट होते, म्हणून जुळणी दूरच्या कड्यांवरच करावी. पृथ्वीच्या वक्रतेमुळे ४५ किलोमीटरवरच्या डोंगराच्या पायथ्याचा सुमारे दीडशे मीटर भाग झाकला जातो, हेही ध्यानात ठेवलेले बरे. तेवढ्यापायी हा डोंगर तो नव्हेच असा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत.

नकाशा मात्र छायाचित्राच्या काळाजवळचा घ्यावा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जुने स्थलवर्णन नकाशे ‘टोपोव्ह्यू’वर विनामूल्य मिळतात आणि त्यांवर सायडिंग, मोऱ्या, तळी, सोडून दिलेले मार्ग असे सारे असते. रेल्वेचे मार्ग एकाच जागी राहतात असे आपण गृहीत धरतो, पण याच कंपनीचे शेर्मन गाव आणि डेल क्रीकचा प्रसिद्ध पूल १९०१ च्या फेरआखणीत मुख्य मार्गावरून बाजूला पडले.

सूचीकार :

दोघांचेही आभार. दोन्ही निगेटिव्ह जोडून पाहिल्या. कडा एकमेकींवर येतात, पण भिंगाची नाभीय लांबी पाकिटावर नाही, त्यामुळे शिखरांमधला कोन ३५ ते ४२ अंशांच्या दरम्यान आहे एवढेच म्हणता येते. पट्टीचा दुसरा अंक ० किंवा १ असावा असे वाटते. आणखी एक बाब कदाचित उपयोगी पडेल. सिग्नलच्या खांबाची सावली जमिनीवर स्वच्छ पडलेली आहे. ती कॅमेऱ्यापासून दूर, रूळ ओलांडून उजवीकडे तिरकी जाते आणि डोंगराच्या दिशेपासून सुमारे ४० अंश उजवीकडे वळलेली आहे.

छायामापक :

ही सावली फार कामाची आहे, कारण ती डोंगराच्या ओळखीवर अवलंबून न राहता काही जागा बाद करू शकते.

आधी सावलीची लांबी काढू या. दोन रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर ठरलेले असते आणि स्लीपर रुळांना काटकोनात असतात, त्यामुळे जमिनीवर आपोआप एक जाळी मिळते आणि तिच्यावर सावलीची लांबी व तिचा रुळांशी होणारा कोन मांडता येतो. खांबाच्या उंचीसाठी बिग बॉयचीच उंची घ्यावी. ती १६ फूट २½ इंच, म्हणजे ४.९४ मीटर आहे. सिग्नल इंजिनापेक्षा कॅमेऱ्याच्या किती जवळ आहे याचा हिशेब धरून आपण दिलेल्या प्रतीवर मी मापे घेतली, तेव्हा सावली उंचीच्या साधारण दीडपट भरली. याचा अर्थ सूर्य क्षितिजापासून सुमारे ३४ अंशांवर होता.

आता प्रत्येक संभाव्य जागा या मापांसमोर उभी करावी. हॅनाहून डोंगर जवळजवळ दक्षिणेला आहे. सावली त्याच्या ४० अंश उजवीकडे पडायची असेल तर सूर्य ईशान्येलाही अलीकडे, उत्तरेकडे झुकलेला असावा लागेल. या अक्षांशावर, म्हणजे सुमारे ४१.८ अंश उत्तरेला, २१ जूनचा सूर्यदेखील सुमारे ५८ अंशांच्या दिशेला उगवतो आणि तिथून दक्षिणेकडे सरकत वर चढतो. त्यामुळे हॅना बाद. वॉलकॉटसाठी तर सूर्य थेट उत्तरेच्या बाजूला मानावा लागतो, त्याची चर्चाच नको. मेडिसिन बो गावाहून सूर्य ८२ अंशांवर येतो. दिशा ठीक वाटते, पण त्या दिशेला असताना तो ३४ अंश उंच चढायला त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) २७ अंशांची हवी, आणि ती २३.४ अंशांच्या पुढे कधीच जात नाही. मापातली दोन-चार अंशांची चूक धरली तरी कॅमेरा गावाच्या पूर्वेलाच सरकतो. रॉक रिव्हरकडे, जिथून डोंगर २४५ ते २५५ अंशांवर दिसतो, तिथे मात्र सगळे सहज जुळते. डोंगराची दिशा २४५ अंश धरल्यास सूर्य १०५ अंशांवर आणि क्रांती १२ अंशांच्या आसपास येते, म्हणजे एप्रिलचा तिसरा-चौथा आठवडा किंवा ऑगस्टचा तिसरा आठवडा, आणि वेळ माउंटन प्रमाणवेळेने सकाळी साडेआठच्या सुमारास. या दोन तारखांतली निवड आपल्या दुसऱ्या निगेटिव्हने केलेलीच आहे. एप्रिलमध्ये स्नोई रेंज पांढरीशुभ्र असते, तुरळक पट्ट्या उरतात त्या उन्हाळ्याच्या शेवटी.

समोच्चरेषा यांनी शिखरांमधल्या कोनाला जास्त वजन दिले आहे. तत्त्वतः ते बरोबर असले तरी भिंग माहीत नसताना त्या कोनातली सात अंशांची अनिश्चितता सगळा पट्टा व्यापते. इथे मी सावलीला अधिक महत्त्व देईन. उलटी छापलेली निगेटिव्ह ही अशा गणितातली नेहमीची खाच असते, पण इंजिनाचा क्रमांक सरळ वाचता येतो म्हटल्यावर ती शंका उरत नाही.

समोच्चरेषा :

सावलीचे गणित मान्य आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. सावली उंचीच्या दीडपट आहे हे जमीन सपाट असेल तरच खरे. रुळाचा भराव उतरता असेल तर सावली लांबते किंवा आखूड होते आणि तारीख पंधरवडाभर इकडे-तिकडे जाऊ शकते. खांबाच्या बुंध्यापासून रुळांपर्यंतचा भाग सोडून केवळ दोन्ही मार्गांवर पडलेला तुकडा मोजावा. ठिकाणाच्या निष्कर्षाला याने फारशी बाधा येत नाही, कारण हॅना आणि वॉलकॉट वगळले गेले ते दिशेमुळे; तारखेला आणि काही अंशी मेडिसिन बो वगळण्याला मात्र येते.

सिमाफोर :

नेवाडाच्या छायाचित्राकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. वेस्टर्न पॅसिफिकच्या नकाशावर टेकड्या जुळल्या नाहीत याचे कारण बहुधा असे, की गाडी वेस्टर्न पॅसिफिकची असली तरी रूळ तिचे नाहीत. विनेमकाजवळचे वेसो आणि वेल्सजवळचे अलाझॉन यांच्या दरम्यान हंबोल्ट नदीच्या खोऱ्यातून सदर्न पॅसिफिक आणि वेस्टर्न पॅसिफिक यांचे दोन स्वतंत्र एकेरी मार्ग जात असत. १९२४ पासून दोन्ही कंपन्यांनी ते एकत्र, दुहेरी मार्गासारखे वापरायला सुरुवात केली. पूर्वेकडे जाणाऱ्या दोघींच्याही गाड्या वेस्टर्न पॅसिफिकच्या रुळांवरून आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या सदर्न पॅसिफिकच्या रुळांवरून धावत. काही ठिकाणी हे मार्ग शेजारी आहेत, तर काही ठिकाणी इतके दूर, की छायाचित्रात एकच दिसावा.

आपला सिमाफोर हेच सांगतो. हात आडव्या स्थितीच्या खाली झुकतो तो खालच्या चतुर्थांशाचा सिग्नल, आणि ही सदर्न पॅसिफिकची जुनी ओळख आहे. वरच्या चतुर्थांशाच्या सिग्नलचा हात आडव्यापासून वर उचलला जातो, खाली कधीच येत नाही. तेव्हा वेस्टर्न पॅसिफिकची इंजिने आणि खाली झुकलेला हात हे दोन्ही एका चौकटीत दिसत असतील, तर गाडी पश्चिमेकडे चाललेली असून जागा वेसो-अलाझॉन पट्ट्यातली आहे, ही सर्वांत सरळ उपपत्ती ठरते. शोध सदर्न पॅसिफिकच्या नकाशांवर करावा.

इथे निगेटिव्ह उलटी असण्याची शक्यता जरूर तपासावी. इंजिनावरची अक्षरे वाचता येत असतील तर प्रश्नच नाही. ती अस्पष्ट असतील तर सिग्नलकडे समोरून पाहावे. अमेरिकी पद्धतीत हात चालकाला खांबाच्या उजवीकडे दिसतो. मात्र आपण सिग्नल पाठीमागून पाहत आहोत की समोरून, हे आधी ठरवावे, नाहीतर बरोबर निगेटिव्हच उलटी करून बसाल. वाफेच्या इंजिनांच्या बाबतीत याच कामासाठी रिव्हर्सचा, म्हणजे इंजिनाची दिशा बदलण्याचा लांब दांडा पाहतात. चालक उजवीकडे बसत असल्यामुळे तो दांडा बॉयलरच्या उजव्या अंगाला असतो.

आणखी एक सावधगिरी. सदर्न पॅसिफिकच्या वेळापत्रकात सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी प्रत्येक गाडी ‘पश्चिमेकडची’ समजली जाई, मग त्या वळणावर तिचे तोंड प्रत्यक्षात कोणत्याही दिशेला असो. छायाचित्रकाराच्या टिपणात ‘वेस्टबाउंड’ असे आढळले, तर तो शब्द होकायंत्रावरचा समजून सावलीशी जुळवत बसू नये.

सूचीकार :

नेवाडाच्या इंजिनावरची अक्षरे सरळ वाचता येतात. सिग्नल समोरून दिसतो आणि हात उजवीकडेच आहे. म्हणजे सदर्न पॅसिफिकचा मार्ग, पश्चिमेकडे जाणारी गाडी. टेकड्यांची जुळणी आता त्या मार्गावर सुरू करतो. वायोमिंगच्या छायाचित्रासाठी सूचीत पुढीलप्रमाणे नोंद केली तर चालेल का? ‘रॉक रिव्हर आणि मेडिसिन बो यांच्या दरम्यान, बहुधा रॉक रिव्हरच्या बाजूला, पश्चिमेकडे जाणारी मालगाडी, उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील सकाळ.’

मैलखांब :

नोंद चांगली आहे. फक्त प्रत्येक विधानाचा आधार त्याच्या पुढेच लिहावा. ‘सिग्नलवरील पहिला अंक ६, दुसरा ० किंवा १’, ‘एल्क माउंटन, क्षितिजरेषेवरून’, ‘सावलीच्या दिशेवरून’ असे असले की उद्या कोणाला पट्टीवरचे उरलेले अंक वाचता आले, तर त्याला कोणते विधान टिकते आणि कोणते बदलावे लागते हे लगेच कळेल. पाकिटावरची मूळ पेन्सिलची खूण वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी ठेवावी. तिच्यात आपला निष्कर्ष मिसळू नये.

प्रत्यक्ष पडताळणी रस्त्यावरच्या दृश्यांतून करणार असाल, तर आंतरराज्यीय ८० वर शोधू नका. तो महामार्ग लॅरमीपासून वॉलकॉटपर्यंत रेल्वेला सोडून बराच दक्षिणेने जातो. रुळांच्या सोबतीने जाणारा रस्ता यू. एस. ३० आहे, आणि रॉक रिव्हर सोडल्यावर तिथल्या दृश्यांत सिग्नल नवे दिसले तरी डोंगर जुन्याच जागी आहेत. दुसऱ्या निगेटिव्हमधल्या शेवटच्या वाघिणीखाली मोरी किंवा छोटा पूल दिसतो का, तेवढे पाहून कळवावे. दिसत असेल तर त्या काळच्या नकाशावर अशा जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील.